त्यांनी काही सांगितलं तर?

वेबिनार संपत आला होता. प्रश्नांसाठी राखलेली शेवटची काही मिनिटं उरली होती आणि चॅटची खिडकी भराभर वर सरकत होती. 'छान माहिती', 'धन्यवाद मॅडम', 'पीपीटी मिळेल का', जोडलेले हात, पुन्हा जोडलेले हात. मधुमेह टाळण्याविषयी आपापल्या वस्तीत बोलू शकतील अशा कार्यकर्त्यांचं ते प्रशिक्षण होतं. तेवढ्यात कुणीतरी माइक सुरू केला. आधी मागून नळाचा आवाज आला, एक मूल काहीतरी मागत होतं त्याचा आवाज आला, आणि मग एका बाईंचा, थोडा घाईतला, पण शब्द नीट जुळवून आणलेला: "मॅडम, तुम्ही सांगितलंत ते सगळं मी लिहून घेतलंय. ते मी लोकांना सांगेन. पण त्यांनीच मला काही सांगितलं तर मी काय करायचं?" मी उत्तराला सुरुवात करणार इतक्यात आयोजकांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं, उरलेले प्रश्न चॅटमध्ये टाकायला सांगितलं, सगळ्यांचे आभार मानले, आणि खिडकी बंद झाली.

सभागृहात असं झालं नसतं. तिथे कार्यक्रम संपतो आणि खरे प्रश्न त्यानंतर येतात. वायरी गुंडाळल्या जात असतात, खुर्च्या सरकत असतात, आणि दोघी-तिघी टेबलापाशी घुटमळत उभ्या असतात. एकजण दुसरीला कोपरानं ढोसते, "विचार ना." सगळ्यांसमोर जे विचारता आलं नाही ते तिथे, हळू आवाजात विचारलं जातं. वेबिनारला हे 'नंतर' नसतं. तो एका क्षणी चालू असतो आणि पुढच्या क्षणी नसतो. त्या बाईंचं नावही मला दिसलं नव्हतं. चौकटीत नुसतं एका फोनच्या मॉडेलचं नाव होतं.

तो प्रश्न मनातून जाईना. त्या दीड तासात मी काय काय सांगितलं होतं ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम किंवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर तो मधुमेहाच्या आधीचा टप्पा मानतात. या टप्प्यातून मागे फिरता येतं. वजन सात टक्के कमी करायचं, आठवड्यातून १५० मिनिटं अंग हलेल असं काहीतरी करायचं, हळूहळू करायचं, टिकवायचं. यातलं एकही वाक्य अनावश्यक नव्हतं. लोकांपर्यंत चुकीची माहिती इतकी पोचलेली असते की बरोबर माहिती कुणीतरी सावकाश, ठाम आवाजात सांगणं ही मोठी गोष्ट आहे. आणि तरीही त्या सगळ्या वाक्यांची दिशा एकच होती. माझ्याकडून त्यांच्याकडे, आणि मग त्यांच्याकडून वस्तीकडे. त्या बाईंनी उलट दिशेबद्दल विचारलं होतं.

आपण स्लाइडवर जे आकडे अभिमानानं दाखवतो ते कुठून आले, हे मी त्यानंतर नव्यानं वाचायला घेतलं. चीनमधल्या दाछिंग शहरात १९८६ साली ३३ दवाखान्यांतून ५७७ माणसांवर अभ्यास सुरू झाला. या सगळ्यांची साखर बिघडलेली होती, पण अजून मधुमेह झालेला नव्हता. सहा वर्षं काही गटांना आहार आणि व्यायामाबद्दल सतत मार्गदर्शन मिळालं. तीस वर्षांनंतरचा हिशेब २०१९ साली आला, तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्यांचा मधुमेह जवळजवळ चार वर्षांनी लांबलेला दिसला, हृदयविकारानं होणारे मृत्यू एक तृतीयांशानं कमी दिसले, आयुष्यही थोडं वाढलेलं दिसलं. फिनलंडच्या अभ्यासात ५२२ जण होते. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २७ केंद्रांतून ३,२३४ जण होते. फिनलंडचे निष्कर्ष २००१ साली आले, अमेरिकेचे २००२ साली, आणि दोन्हीकडे असं मार्गदर्शन मिळालेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. अमेरिकेत मेटफॉर्मिन ही साखर कमी करणारी गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. म्हणजे गोळीपेक्षा जीवनशैलीतला बदल वरचढ ठरला. हे वाक्य मी कितीतरी वेळा बोलले आहे आणि दर वेळी समोरच्या चौकटींतल्या माना वर होतात.

पण त्या ५८ टक्क्यांच्या मागे काय होतं, ते एका स्लाइडवर मावत नाही. अमेरिकेतल्या त्या चाचणीत प्रत्येक माणसाला स्वतःचा एक मार्गदर्शक होता. पहिल्या चोवीस आठवड्यांत सोळा धडे, तेही समोरासमोर, एकास एक. नंतरही भेटी सुरूच. कुणाचं वजन कमी होईनासं झालं, कुणी चालणं सोडलं, तर त्यामागचं कारण काय आणि त्यावर कोणता उपाय चालेल, हे त्या दोघांनी बसून शोधायचं. हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे कायम दोन खुर्च्या येत राहिल्या. एवढ्या मोठ्या शास्त्रीय निष्कर्षाच्या मुळाशी दोन माणसं एकमेकांसमोर वारंवार बसली होती, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याचं ऐकून घेण्याचे पैसे मिळत होते.

माझ्या आईला पहिल्यांदा 'बॉर्डरवर आहे' असं सांगितलं गेलं, तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. डॉक्टर भले होते आणि बाहेर गर्दी होती. त्यांनी थोडक्यात पण नीट सांगितलं. आई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. गोड कमी करा, मान. रोज चाला, मान. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, मान. घरी आल्यावर बहिणीनं विचारलं, "काय म्हणाले?" आई चप्पल काढता काढता म्हणाली, "काही नाही, बरं आहे म्हणाले." मला तेव्हा राग आला होता. तिनं मुद्दाम लपवलं असं वाटलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी, ती माझ्याशी पुष्कळ मोकळी झाल्यावर, तिनं सहज सांगितलं की त्या खोलीत तिला काही ऐकूच येत नव्हतं. तिच्या वडिलांचा पाय याच आजारात गेला होता. डॉक्टर बोलायला लागले आणि तिच्या डोळ्यांसमोर तो पाय आला. त्यानंतरची प्रत्येक मान खोलीतून लवकर बाहेर पडण्यासाठी होती.

तिच्या वडिलांबद्दल त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं.

या टप्प्याची अडचणच ही आहे की तो दुखत नाही. ज्वर नाही, सूज नाही, रात्री जाग नाही. कागदावर एक आकडा आहे आणि शरीर म्हणतंय की मी ठीक आहे. अशा माणसाकडे जाऊन त्याला रोजचं खाणं, झोप, चालणं बदलायला सांगायचं हे आरोग्यशिक्षणातल्या अवघड कामांपैकी एक आहे, आणि आपण ते ज्यांच्यावर सोपवतो त्यांना बहुतेकदा फक्त माहिती देऊन पाठवतो. माहिती घेऊन ती बाई दारात उभी राहिली की समोरून काय येतं? "आमच्या घरात सगळ्यांनाच आहे, मला होणारच." "चालायला निघाले की लोक बघतात, हिला काय झालं म्हणून विचारतात." "माझी रात्रपाळी आहे, मी नेमकं कधी जेवू ते तुम्हीच सांगा." "वेगळं खायचं म्हणजे वेगळं करायचं, आणि करणारी मीच." कधी यांतलं काहीच येत नाही. समोरचा माणूस म्हणतो, "हे गेल्यापासून जगण्यातच रस राहिला नाही हो, साखरेचं काय घेऊन बसलात." या वाक्याला सात टक्क्यांचं उत्तर नाही. १५० मिनिटांचंही नाही.

वेबिनारबद्दल मला तक्रार करायची नाही, कारण त्यानं काय दिलं ते मी पाहिलं आहे. ज्यांना घर सोडून दोन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला कधीच येता आलं नसतं, त्या बायका मांडीवर मूल घेऊन ऐकतात. कुणी बसमधून ऐकतं, कानात एकच इयरफोन, दुसरा कान उतरायच्या थांब्याकडे. नेट कमी असलं की व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवतात. समजलं नाही तर रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकतात. समोर बसून शिकवणाऱ्याला 'पुन्हा सांगा' म्हणायचा संकोच वाटतो, रेकॉर्डिंगपुढे वाटत नाही. मधुमेहाच्या तज्ज्ञाचं बोलणं थेट ऐकायला मिळतं, पाचव्या तोंडून झिरपत आलेलं नाही. सगळीकडे एकच गोष्ट एकाच शब्दांत पोचते, आणि आरोग्याच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे. एकीनं मला सांगितलं की तिच्या घरचे आता तिच्या फोनवरचं हे शिकणं चालू असताना दार ओढून घेतात. तिच्या शिकण्याला घरात एक जागा मिळाली. ही गोष्ट कुठल्याही अहवालात येणार नाही, पण ती सांगताना तिच्या आवाजात जे होतं ते मला विसरता येत नाही.

पण या माध्यमाची घडणच अशी आहे की त्यात एकजण बोलतो आणि बाकीचे म्यूट असतात. ते म्यूट नसले तर गोंगाट होतो, म्हणून ते तसंच असायला हवं. मला खटकतं ते निराळं. आपण जसं शिकतो तसंच पुढे शिकवतो. जिला तास-दीड तास कुणी काही विचारलं नाही, तिचं बोलणं ज्यात कुठेच बसत नव्हतं, ती दुसऱ्या दिवशी वस्तीत जाऊन कोणत्या पद्धतीनं बोलेल? ती गट जमवेल, समोर उभी राहील, लिहून घेतलेलं सगळं न चुकता सांगेल, आणि शेवटी विचारेल, "काही शंका?" कुणी काही विचारणार नाही. गटातल्या बायका माना डोलावतील.

शांततेचंही तसंच. समोरासमोर बसलेली दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत सरासरी एक पंचमांश सेकंदाचंच अंतर असतं. दहा वेगवेगळ्या भाषांचा अभ्यास करून २००९ साली संशोधकांनी हे मोजलं, आणि भाषा कितीही वेगळ्या असल्या तरी हे अंतर थोडंफारच बदलत होतं. म्हणून कुणी एक-दोन सेकंद थांबलं की आपल्याला लगेच कळतं, याच्या मनात काहीतरी चाललंय. ऐकणाऱ्यानं तेव्हा गप्प राहायचं असतं. बहुतेक खऱ्या गोष्टी त्या थांब्यानंतर येतात. आणि पडद्यावर? पडद्यावर कुणी दोन सेकंद थांबलं की चारही बाजूंनी आवाज येतात, "हॅलो? आवाज येतोय का?" "मॅडम, तुम्ही म्यूट आहात." "नेट गेलं वाटतं." ज्या शांततेत माणूस उघडतो तीच शांतता इथे बिघाड समजली जाते. मी स्वतःही शिकवताना ती भरून काढत आले, कारण ती तशीच ठेवली तर निम्म्या बायका लिंकवर पुन्हा जोडून घ्यायला जातात.

मग हे काम मुळात डॉक्टर-आहारतज्ज्ञांनीच करावं का, असा प्रश्न साहजिकच येतो. त्याचं उत्तर मला मनापासून आवडतं. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातल्या वायएमसीए या संस्थेच्या केंद्रांत, जिथे लोक एरवी पोहायला आणि व्यायामाला येतात, तिथल्या प्रशिक्षकांनाच शिकवून त्या मोठ्या चाचणीतलाच कार्यक्रम गटात घेतला गेला. २००८ साली आलेल्या त्या लहानशा अभ्यासात सहा महिन्यांत लोकांचं वजन सहा टक्के उतरलं होतं, तर नुसता थोडक्यात सल्ला मिळालेल्यांचं दोन टक्के. पुढे २०१२ साली अशा २८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सरासरी वजन चार टक्क्यांच्या आसपास कमी झालं, आणि शिकवणारा वैद्यकीय क्षेत्रातला होता की समाजातला साधा प्रशिक्षित माणूस होता, यानं फारसा फरक पडला नाही. त्याच आढाव्यात मला आणखी एक गोष्ट सापडली: माणूस जितकी जास्त सत्रं येतो तितकं वजन जास्त उतरतं, प्रत्येक जादा सत्रामागे साधारण पाव टक्का. पाव टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण त्याचा अर्थ असा की माणूस पुढच्या वेळी पुन्हा आला पाहिजे. आणि माणूस पुन्हा का येतो? माहितीसाठी नाही येत. माहिती पहिल्या दोन सत्रांतच संपते. माझं मत असं की तो येतो तो जिथे आपलं ऐकून घेतलं तिथे.

सगळीकडे ५८ टक्के येत नाहीत, हेही या बायकांना सांगायला हवं, नाहीतर त्या स्वतःला दोष देत बसतात. भारतातल्या २००६ सालच्या चाचणीत जीवनशैलीतल्या बदलानं धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला होता. केरळमध्ये एक हजारावर सहभागींपैकी साधारण निम्म्यांचे गट लोकांमधूनच निवडलेल्या माणसांनी चालवले. २०१८ साली आलेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनंतर ज्यांना मधुमेह झाला त्यांचं प्रमाण या गटांत १४.९ टक्के होतं, उरलेल्या निम्म्यांत १७.१. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो पक्का ठरला नाही. अशा निकालाबद्दल बोलायला मला आवडतं. त्यात माणसांचं खरं काम दिसतं आणि त्या कामाची उंच चढणही.

प्रशिक्षण संपलं की आपण एक फॉर्म पाठवतो. विषय समजला का? आत्मविश्वास वाढला का? पाचपैकी किती? उत्तरं पाच, पाच, चार, पाच अशी येतात आणि सगळे खूश होतात. समोरच्याला न टोचता, त्याच्याच मनातली इच्छा त्याच्याच तोंडून बाहेर काढणारी बोलण्याची एक पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली ती प्रथम मांडली आणि आज मधुमेहापासून व्यसनमुक्तीपर्यंत सगळीकडे ती शिकवतात. ती शिकवावी कशी, याचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००४ साली प्रसिद्ध केला. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातले १४० व्यावसायिक वेगवेगळ्या गटांत विभागले होते. कार्यशाळेनं कौशल्य वाढलंच, पण ज्यांच्या प्रत्यक्ष बोलण्याच्या ध्वनिफिती ऐकून नंतर अभिप्राय दिला गेला किंवा ज्यांना फोनवरून मार्गदर्शन मिळत राहिलं त्यांचं आणखी वाढलं. आणि आपल्याला हे किती चांगलं जमतं याबद्दल त्या लोकांनी स्वतः जे सांगितलं, त्याचा त्यांच्या ध्वनिफितींत दिसलेल्या कौशल्याशी काही संबंधच नव्हता. हे वाचल्यावर त्या पाचपैकी पाचच्या रांगांकडे मला पूर्वीसारखं बघता येईना. उत्तम गाणं कितीही ऐकलं तरी त्यानं कान तयार होतो, गळा नाही. गळ्यासाठी कुणासमोर तरी बसून गावं लागतं आणि सूर कुठे हलला ते त्यानं सांगावं लागतं.

पडद्यावर हे जमतच नाही असं मात्र नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली जे सुरू केलं ते मी या बायकांना आवर्जून सांगते. यकृताच्या हेपॅटायटिस सी या आजाराचे रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोचत नव्हते, कारण तज्ज्ञ दूर आणि यादी लांब. त्यांनी खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांना व्हिडिओवरून दर आठवड्याला एकत्र आणलं. नुसतं व्याख्यान ऐकवण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचा रुग्ण मांडायला लावला. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी विचारायचं, तज्ज्ञानंही त्यात शिकायचं. २०११ साली निकाल आले तेव्हा विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते आणि या दूरच्या केंद्रांत ५८.२ टक्के. तोच पडदा, तसलंच नेट. फक्त बोलायचं कुणी, हे बदललं होतं.

म्हणून आता आमच्याकडे व्याख्यानाचा भाग आधीच रेकॉर्ड करून पाठवतो. ज्याला जेव्हा वेळ होईल तेव्हा ऐकावं, हवं तितक्यांदा ऐकावं. थेट भेटायच्या वेळेत फक्त बोलायचं. बारा-पंधराजणींपेक्षा मोठा गट करायचा नाही, आणि त्यातही जोड्या करून वेगवेगळ्या खोल्यांत पाठवायचं. एकीनं आरोग्यशिक्षिका व्हायचं, दुसरीनं नुकतीच तपासणी होऊन आलेली बाई. पहिल्या वेळी दोघी हसतात. मग शिक्षिका झालेली लगेच सल्ला द्यायला लागते, इतका की दुसरीला बोलायला फट मिळत नाही. आम्ही नियम केला आहे की पहिले काही प्रश्न झाल्याशिवाय एकही सल्ला द्यायचा नाही, आणि समोरची थांबली तर मनात पाचपर्यंत मोजायचं. नेट गेलंय असं वाटलं तरी मोजायचं. शेवटी 'समजलं का' असं न विचारता म्हणायचं, "मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू दे. घरी गेल्यावर तुम्ही हे कसं सांगाल?" माझ्या आईला हे विचारलं असतं तर त्या खोलीतच कळलं असतं की तिला काहीच ऐकू गेलेलं नाही.

एकदा मी अशाच एका जोडीच्या खोलीत डोकावले. मी आले की बोलणं थांबतं, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी कॅमेरा बंद ठेवते आणि तोंडातून शब्द काढत नाही. रुग्ण झालेली बाई सांगत होती की रिपोर्ट आल्यापासून ती तो कुणाला दाखवत नाही, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवते, आणि लोकांना तपासणी करा म्हणून सांगताना तिला आपण खोटारडे वाटतो. समोरचीला वाटलं की हिनं भूमिका फारच छान वठवली आहे. मग तिच्या लक्षात आलं. तिनं काही सल्ला दिला नाही. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. नंतर ती म्हणाली, "कधीपासून आहे?" जे लोकांना मधुमेह टाळायला शिकवायला निघालेत त्यांतले कितीतरी स्वतः त्याच काठावर उभे आहेत. वय तेच, बसून राहणं तेच, अपुरी झोप तीच, घरातला इतिहासही तोच. आपण त्यांना 'माध्यम' समजून त्यांच्यातून माहिती पुढे पाठवतो आणि त्यांनाच विचारायचं राहून जातं.

आता त्या प्रश्नाकडे येते. त्यांनी काही सांगितलं तर काय करायचं? ऐकायचं, हे निम्मं उत्तर झालं. उरलेलं निम्मं अवघड आहे. कारण लोक फक्त साखरेचं सांगत नाहीत. कुणी सांगतं की घरात पुरेसं खायलाच नाही. कुणी सांगतं की मार खाते. कुणी सांगतं की इन्सुलिन सुरू होतं ते परवडत नाही म्हणून बंद केलं, आणि हे कुणाला सांगू नका. यातलं काहीही त्या बाईच्या हातात नाही. औषध कमी-जास्त करायला सांगण्याचा तिला अधिकार नाही आणि तो तिनं घेऊ नये, हे आम्ही पुन्हा पुन्हा बजावतो. खूप तहान, वारंवार लघवी, वजन आपोआप उतरणं, पायाची न भरणारी जखम ऐकली की तिथे चर्चा थांबवून दवाखान्यात पाठवायचं. जिवाला धोका असेल तर गुप्ततेचं वचन देऊन बसायचं नाही, मदत मागायची. हे सगळं शिकवता येतं. पण ऐकलेलं ओझं घेऊन ती घरी येते तेव्हा तिनं ते कुठे उतरवायचं? तिच्या मागे कुणी उभं नसेल तर ती दोन-तीनदा ऐकेल आणि मग स्वतःला वाचवण्यासाठी पुन्हा कागद वाचून दाखवायला लागेल. त्यासाठी मी तिला नावं ठेवणार नाही. मीही तेच केलं असतं.

म्हणून दर महिन्याला एक सत्र आम्ही मोकळं ठेवलं आहे. त्यात स्लाइड नाही, पाहुणा वक्ता नाही. ज्या जे ऐकून आल्या ते माणसाची ओळख न सांगता त्यांनी मांडायचं, आणि बाकीच्यांनी आधी विचारायचं, मग सुचवायचं. कधी अर्धा वेळ एकाच गोष्टीवर जातो. सुरुवातीला कुणी बोलत नव्हतं. आता वेळ पुरत नाही, आणि वेळ संपला तरी मी खिडकी बंद करत नाही. आभार मानून झाल्यावर मी तशीच बसून राहते. ज्यांना जायचं त्या जातात, दोघी-तिघी उरतात, आणि त्यातली एक म्हणते, "मॅडम, एक विचारायचं होतं."

यावरून कार्यक्रमाला पैसे देणाऱ्यांशी माझी बोलणी अजून चालू आहेत. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे: ज्या लिंकवर पाचशे माणसं बसतात तिथे पंधरा का बसवता? अहवालाच्या तक्त्यात 'प्रशिक्षित व्यक्ती' असा रकाना आहे, 'झालेली सत्रं' असा आहे, 'चाचणीतले सरासरी गुण' असाही आहे. त्यांना मी आणखी एक रकाना मागितला आहे: या महिन्यात तुम्हाला कुणी काय सांगितलं, आणि तुम्ही ते कुणाशी बोललात. यात बेरीज करता येत नाही, असं ते म्हणतात. बेरीज नको, दर महिन्याला कुणीतरी ते वाचा, असं मी म्हणते. गेल्या बैठकीत यावर निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मी तो मुद्दा पहिल्या क्रमांकावर टाकायला सांगितला आहे.